मैदान मोजा, मग लेन्स निवडा

मैदानावरच्या चेंडूच्या खेळाचे छायाचित्र काढायला कोणती लेन्स लागेल, हे सर्वांत आधी अंतर ठरवते. खेळाडू कुठे आहे आणि छायाचित्रकार कुठे बसला आहे, या दोन जागांमधले मीटर कळले की निम्मा प्रश्न सुटतो. उरलेल्या निम्म्यात उजेड, चेंडूचा वेग, खेळाडूच्या पाठीमागची गर्दी आणि खिशातले पैसे येतात. दुकानात मात्र चर्चा बहुतेक वेळा उलट्या टोकाने, म्हणजे लेन्सच्या किमतीपासून सुरू होते. त्यामुळे कुणी गरजेपेक्षा जड आणि महाग लेन्स घेऊन बसतो, तर कुणाची लेन्स सीमारेषेपासून खेळपट्टीपर्यंत पोहोचतच नाही.

नाशिकचे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान या विषयासाठी चांगले उदाहरण आहे. सारे शहर त्याला गोल्फ क्लब मैदान म्हणून ओळखते. सकाळ-संध्याकाळ जॉगिंग ट्रॅकवर फिरणाऱ्यांची वर्दळ असलेले हे मैदान रणजी करंडकाचे सामनेही भरवते. जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि बडोदा यांच्यातला सामना इथेच झाला. अशा सामन्याला कॅमेरा घेऊन आलेल्या हौशी माणसाकडे बहुधा कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स असते. सीमारेषेबाहेरून, ७० मीटरवरून, या लेन्सने टिपलेला फलंदाज चौकटीच्या उंचीचा जेमतेम अकरावा भाग व्यापतो. बाकी सगळे गवत आणि आकाश. छायाचित्र फसते ते कॅमेरा वाईट म्हणून नव्हे, तर अंतराचा हिशेब झालेला नसतो म्हणून.

अंतराचे गणित

लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेला आकडा म्हणजे तिची फोकल लेंग्थ. हा आकडा जितका मोठा, तितकी लेन्सची नजर अरुंद आणि दूरची वस्तू मोठी. खेळाडूची सेन्सरवरची प्रतिमा किती उंच पडेल, हे साध्या गुणाकार-भागाकाराने काढता येते. खेळाडूच्या उंचीला फोकल लेंग्थने गुणायचे आणि अंतराने भागायचे.

आंतरराष्ट्रीय पुरुष क्रिकेटमध्ये सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून कमीत कमी ५९.४३ आणि जास्तीत जास्त ८२.२९ मीटरवर असावी लागते. छायाचित्रकार दोरीच्या मागे काही मीटरवर बसतो. म्हणून ७० मीटर हे अंतर हिशेबाला योग्य. १.८ मीटर उंचीचा फलंदाज या अंतरावरून २०० मिलिमीटरच्या लेन्सने टिपला, तर सेन्सरवर त्याची उंची ५ मिलिमीटरच्या आसपास भरते. ४०० मिलिमीटरने ती सुमारे १०.३ आणि ६०० मिलिमीटरने सुमारे १५.४ मिलिमीटर होते. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असतो. म्हणजे आडव्या चौकटीत २०० ची लेन्स फलंदाजाला पाचवा भाग देते, ४०० ची निम्म्याच्या जवळ नेते आणि ६०० ची जवळजवळ दोन तृतीयांश भरते.

क्रिकेटच्या छायाचित्रात खेळाडूने चौकटीच्या उंचीचा अर्धा ते दोन तृतीयांश भाग घेतलेला चांगला. त्याहून लहान असेल तर चेहऱ्यावरचे भाव हरवतात. त्याहून मोठा घ्यायला गेले, तर उंचावलेली बॅट आणि चेंडू चौकटीबाहेर जातात. यावरून एक उपयोगी आडाखा निघतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यासाठी मीटरमधल्या अंतराला ७ ने गुणले की किमान किती मिलिमीटरची लेन्स हवी ते कळते. ७० मीटरसाठी ४९०, ५० मीटरसाठी ३५०, १६ मीटरसाठी ११२. शाळकरी मुले उंचीने लहान असल्याने त्यांच्या सामन्यांत हा आकडा थोडा वाढवावा लागतो.

सेन्सर लहान असण्याचा फायदा

हौशी छायाचित्रकारांकडे बहुधा फुल फ्रेमपेक्षा लहान, एपीएस-सी आकाराचा सेन्सर असलेला कॅमेरा असतो. धंद्यातली माणसे त्याला क्रॉप बॉडी म्हणतात. निकॉन, सोनी आणि फुजीफिल्मच्या अशा कॅमेऱ्यांत सेन्सर साधारण १५.६ मिलिमीटर उंच असतो, कॅननच्यात त्याहून किंचित कमी. लेन्सने पाडलेली प्रतिमा तेवढीच राहते, पण चौकट लहान असल्याने खेळाडू तिचा मोठा भाग व्यापतो. ४०० मिलिमीटरची १०.३ मिलिमीटरची प्रतिमा इथे चौकटीचा दोन तृतीयांश भाग भरते. क्रॉप बॉडीसाठी आडाखा म्हणून अंतराला ४.५ ने गुणावे. ७० मीटरसाठी उत्तर येते ३१५ मिलिमीटर.

म्हणजे गोल्फ क्लब मैदानावर क्रॉप बॉडीला लावलेली साधी ७०-३०० लेन्स काठावर का होईना पुरते, आणि १००-४०० लेन्स आरामात पुरते. त्याच जागेवरून फुल फ्रेमवाल्याला ५०० ते ६०० मिलिमीटरची सोय करावी लागते. दिवसाउजेडी खेळ टिपणाऱ्याने केवळ खेळासाठी फुल फ्रेमकडे धावण्याचे कारण नाही. फुल फ्रेमचे मोल कमी उजेडात कळते.

लेन्स थोडी कमी पडली तर छायाचित्र कापून घेता येते, पण त्याला मर्यादा आहे. २४ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी आणि उंची निम्मी केली की हाती ६ मेगापिक्सेल उरतात. वर्तमानपत्रातल्या तीन-चार कॉलमांच्या छायाचित्राला ते पुरेसे असतात. ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात निम्मे कापूनही ११ मेगापिक्सेल राहतात. मात्र कापताना लेन्सचा प्रत्येक दोष आणि फोकसची प्रत्येक चूकही मोठी होते. त्यामुळे कापणे हा थोड्या कमतरतेवरचा उपाय आहे, लेन्सला पर्याय नव्हे.

उजेड आणि अॅपर्चर

लेन्सवरचा दुसरा आकडा अॅपर्चरचा. तो एफ/२.८, एफ/४, एफ/५.६-६.३ अशा रूपात असतो. फोकल लेंग्थला लेन्सच्या उघड्या तोंडाच्या व्यासाने भागून तो येतो. म्हणून आकडा लहान तितके तोंड मोठे. ४०० मिलिमीटर एफ/२.८ लेन्सला सुमारे १४३ मिलिमीटर व्यासाचे तोंड लागते, तर ४०० मिलिमीटर एफ/५.६ ला ७१ मिलिमीटर पुरतात. व्यास दुप्पट झाला की काचेचे क्षेत्रफळ चौपट होते, त्यासोबत वजन वाढते आणि किंमत तर कित्येक पटींनी चढते. सोनी, निकॉन आणि कॅननच्या आजच्या ४०० मिलिमीटर एफ/२.८ लेन्स पावणेतीन ते तीन किलोंच्या आहेत आणि नव्या घेतल्या तर दहा लाख रुपयांच्या घरात जातात. याउलट कॅननची १००-४०० मिलिमीटर एफ/५.६-८ ही आरएफ लेन्स केवळ ६३५ ग्रॅम भरते.

इतका फरक कशासाठी मोजायचा, याचे उत्तर उजेड देतो. छायाचित्रकारांचा जुना नियम असा की स्वच्छ उन्हात एफ/१६ अॅपर्चर ठेवले, तर शटर स्पीड, म्हणजे शटर उघडे राहण्याचा वेळ, आयएसओच्या (सेन्सरच्या उजेडाला असलेल्या संवेदनशीलतेच्या) आकड्याइतका, म्हणजे आयएसओ १०० ला सेकंदाचा शंभरावा भाग ठेवावा. यावरून एफ/६.३ ला आयएसओ १०० वर साधारण १/६४० सेकंद मिळतात. आयएसओ ४०० केला की १/२५०० सेकंद. आजच्या कोणत्याही कॅमेऱ्यात आयएसओ ४०० चे छायाचित्र स्वच्छ येते. नाशिकमध्ये हिवाळ्यातले आकाश बहुधा निरभ्र असते आणि रणजीचा खेळ सकाळी सुरू होऊन सूर्यास्ताच्या बराच आधी संपतो. अशा उन्हात एफ/६.३ ची लेन्स उजेडाच्या बाबतीत कुठेही अडत नाही.

आभाळ दाटून आले की हिशेब बदलतो. दाट ढगांत उजेड उन्हाच्या सुमारे आठव्या भागावर येतो. तेव्हा १/२००० सेकंद साधायला एफ/६.३ ला आयएसओ २५०० च्या आसपास जावे लागते, एफ/२.८ ला मात्र ५०० पुरतो. आयएसओ २५०० वरही अलीकडचे कॅमेरे वापरण्याजोगे चित्र देतात. सूर्य मावळल्यावर किंवा प्रकाशझोतात खेळ चालला असेल, तेव्हा मात्र एफ/६.३ ची लेन्स खरोखर हतबल होते. नाशिकला जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. संध्याकाळी सहानंतर फुटबॉल टिपणाऱ्याला एफ/२.८ हवीच. रविवारी सकाळी टेनिसबॉल क्रिकेट टिपणाऱ्याला ती लागत नाही.

चेंडूचा वेग

ताशी १३० किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू सेकंदाला सुमारे ३६ मीटर जातो. १/१००० सेकंदात तो ३.६ सेंटिमीटर सरकतो. क्रिकेटच्या चेंडूचा व्यास ७ सेंटिमीटरांहून थोडा अधिक. म्हणजे या शटर स्पीडला चेंडू स्वतःच्या व्यासाच्या निम्म्याने फराटतो. १/२००० ला हे सरकणे १.८ सेंटिमीटर आणि १/४००० ला ०.९ सेंटिमीटर होते.

सेन्सरवर याचा अर्थ काय, तेही पाहण्यासारखे आहे. ७० मीटरवरून ४०० मिलिमीटरच्या लेन्सने टिपलेल्या चेंडूची प्रतिमा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असते. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर ती सत्तरेक पिक्सेल रुंद भरते. १/१००० सेकंदाला तिला पस्तीसेक पिक्सेलचा फराटा येतो आणि शिवण पुसली जाते. १/४००० ला फराटा आठ-नऊ पिक्सेलवर येतो आणि चेंडू गोल दिसू लागतो. हे गणित चेंडू आडवा जाताना पाहिला तर लागू होते. खेळपट्टीच्या रेषेत बसलेल्याला तोच चेंडू समोरून येताना किंवा दूर जाताना दिसतो आणि फराटा खूपच कमी पडतो. फिरकी गोलंदाजाला १/१२५० ते १/१६०० पुरतात. फुटबॉल आणि हॉकीत माणसांची धाव गोठवायला १/१००० ही किमान मर्यादा समजावी.

भराभर छायाचित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यावर अनेकांचा भरवसा असतो. पण सेकंदाला १० छायाचित्रांच्या वेगात दोन चित्रांमध्ये तो जलद चेंडू साडेतीन मीटर पुढे निघून गेलेला असतो. बॅटवर चेंडू येण्याचा क्षण त्या फटीत सहज निसटतो. त्यामुळे बटण दाबण्याची वेळ साधायला खेळ वाचता यावा लागतो. कोणता गोलंदाज आखूड टप्पा टाकतो, कोणता फलंदाज पुढे सरसावतो, हे जाणणाऱ्याची साधी लेन्सही कामाला येते.

पाठीमागची गर्दी

महागड्या लेन्सचा दुसरा गुण म्हणजे पार्श्वभूमी विरघळवणे. ४०० मिलिमीटरच्या लेन्सने ४० मीटरवरच्या खेळाडूवर फोकस केला, तर एफ/२.८ ला सुमारे पावणेदोन मीटर खोलीचा पट्टा स्पष्ट राहतो. एफ/५.६ ला तो साडेतीन मीटरच्या आसपास जातो. ७० मीटरवर एफ/५.६ चा हाच पट्टा दहा मीटरांपर्यंत पसरतो. म्हणजे अंतर वाढत गेले की पार्श्वभूमी अधिकाधिक ठळक होत जाते.

स्थानिक मैदानांवर याचा त्रास जास्त होतो. फलंदाजाच्या पाठीमागे मंडपाचे खांब, जाहिरातींचे फलक, लावलेल्या दुचाकी, ट्रॅकवरून चालणारी माणसे असे बरेच काही असते. एफ/२.८ ची लेन्स हे सारे रंगांच्या मऊ पटलात बदलते. पण ज्याच्याकडे ती नाही, त्यालाही उपाय आहेत. पाठीमागे झाडी किंवा मोकळे मैदान येईल अशी जागा निवडावी. खेळाडू आणि त्याच्या मागची गर्दी यांच्यात जास्तीत जास्त अंतर राहील असा कोन धरावा. शक्य तितक्या लांब फोकल लेंग्थवर काम करावे. जमिनीवर बसून खालच्या कोनातून टिपले की मैदानाचे गवत चौकटीतून कमी होते, खेळाडू उंच दिसतो आणि पार्श्वभूमी दूर जाते. दहा पावले सरकून मिळणारा हा बदल पैशाने विकत घ्यायचा, तर फार महाग पडतो.

कोणत्या खेळाला कोणती लेन्स

क्रिकेटमध्ये छायाचित्रकाराला मैदानात पाऊल टाकता येत नाही, त्यामुळे अंतर बदलता येत नाही. सर्वांत लांब लेन्स याच खेळाला लागते. फुल फ्रेमसाठी १५०-६००, १८०-६०० किंवा २००-६०० या पल्ल्यातल्या झूम लेन्स हा आजचा सर्वांत शहाणा पर्याय आहे. सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६००, निकॉनची १८०-६०० आणि सोनीची २००-६०० या सगळ्या दोन किलोंच्या आसपासच्या आहेत आणि लांब टोकाला एफ/६.३ देतात. क्रॉप बॉडीला १००-४०० पुरते. टेनिसबॉल स्पर्धांत सीमारेषा ४५-५० मीटरवर आली, तर ७०-३०० नेही चांगले काम होते.

फुटबॉलचे मैदान १०० मीटरांच्या आसपास लांब असले, तरी खेळ छायाचित्रकाराकडे चालत येतो. गोलरेषेच्या मागे कोपऱ्याजवळ बसले, तर पेनल्टी क्षेत्राची सीमा गोलरेषेपासून १६.५ मीटरवर असते. तिथे फुल फ्रेमला ११५ मिलिमीटर पुरतात. मध्यरेषेवरच्या चढाओढीला ३५० लागतात. इतका पल्ला एका लेन्सने सांभाळायचा, तर १००-४०० सारखी झूम उत्तम. फक्त ७०-२०० एफ/२.८ असेल, तर समोरच्या जवळच्या खेळावरच लक्ष द्यावे आणि दूरचा खेळ सोडून द्यावा. पावसाळी आभाळ आणि संध्याकाळ या दोन्हींत फुटबॉल बराच खेळला जातो, म्हणून या खेळात ७०-२०० एफ/२.८ चे मोल क्रिकेटपेक्षा जास्त.

हॉकीचे मैदान ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. गोलसमोरचे वर्तुळ साधारण १४.६ मीटर त्रिज्येचे. त्यामुळे फुटबॉलची लेन्स इथेही चालते. चेंडू जमिनीलगत धावतो आणि खेळाडू वाकलेले असतात, म्हणून कॅमेरा खाली धरला नाही तर चेहरे मिळत नाहीत.

व्हॉलीबॉल गावोगावी उघड्यावर खेळला जातो. कोर्ट फक्त १८ बाय ९ मीटरचे आणि पुरुषांच्या सामन्यात जाळे २.४३ मीटर उंच. इथे ७०-२०० भरपूर होते आणि ८५ मिलिमीटर एफ/१.८ सारखी छोटी, स्वस्त प्राइम लेन्सही जाळ्यावरची उडी सुरेख टिपते. कमी पैशांत खेळाचे छायाचित्रण शिकायचे असेल, तर गावातल्या व्हॉलीबॉलच्या कोर्टाइतकी चांगली शाळा नाही.

झूम, प्राइम आणि टेलिकन्व्हर्टर

एकाच फोकल लेंग्थची लेन्स म्हणजे प्राइम. ती अधिक उजेड घेते आणि चित्र अधिक रेखीव देते. पण सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक अचानक छायाचित्रकाराच्या दिशेने झेपावला, तर ६०० च्या प्राइममध्ये फक्त त्याचा खांदा सापडतो. झूम असेल तर मनगट फिरवून चौकट मोकळी करता येते. एकच कॅमेरा असलेल्या माणसाला झूम अधिक छायाचित्रे मिळवून देते.

लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये टेलिकन्व्हर्टर बसवून पल्ला वाढवता येतो. १.४ पटीचा कन्व्हर्टर उजेड निम्मा करतो, २ पटीचा चौथ्या भागावर आणतो. ३०० मिलिमीटर एफ/२.८ ला १.४ चा कन्व्हर्टर लावला की ४२० मिलिमीटर एफ/४ मिळते, आणि हा सौदा फायद्याचा आहे. आधीच एफ/६.३ असलेल्या झूमला २ पटीचा लावला, तर हाती सुमारे एफ/१३ उरते आणि फोकस अडखळू लागतो. कन्व्हर्टर प्रत्येक लेन्सला बसतही नाही, म्हणून घेण्याआधी कंपनीची यादी तपासावी.

फोकस आणि थरथर

खेळासाठी लेन्स घेताना फोकसची मोटर किती चपळ आहे, हे काचेइतकेच महत्त्वाचे आहे. स्थिर फुलाचे छायाचित्र सुंदर देणारी जुनी लेन्स धावणाऱ्या गोलंदाजामागे धापा टाकते. लांब लेन्सवर फोकसचा पल्ला मर्यादित करणारे बटण असते. ते दूरच्या पल्ल्यावर ठेवले की मोटर जवळच्या गवतात भटकत नाही. कॅमेऱ्यात सतत फोकस धरणारा मोड ठेवावा.

थरथर कमी करणारी सोय कॅनन आयएस, निकॉन व्हीआर, सोनी ओएसएस अशा नावांनी देते. ती हाताची थरथर आवरते, खेळाडूची हालचाल नाही. शटर १/१००० च्या पुढे असताना तिचा मुख्य उपयोग व्ह्यूफाइंडरमधले दृश्य स्थिर ठेवण्यापुरता राहतो. दोन किलोंची लेन्स हातात घेऊन दिवसभर उभे राहणे मात्र कुणालाच झेपत नाही. एकपायी मोनोपॉड वजन पेलतो आणि कॅमेरा झटकन वळवूही देतो. लेन्सला ट्रायपॉड कॉलर असेल, तर मोनोपॉड कॅमेऱ्याला न लावता त्या कॉलरलाच लावावा.

सूर्य आणि बसण्याची जागा

खेळपट्ट्या साधारणपणे उत्तर-दक्षिण आखलेल्या असतात, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे ऊन फलंदाजाच्या डोळ्यांत जात नाही. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य तिथे दक्षिणेला सुमारे ४७ अंशांवरच असतो. म्हणून हिवाळ्यात मैदानाच्या दक्षिण बाजूला बसून उत्तरेकडे पाहणाऱ्याला दिवसभर पाठीमागून ऊन मिळते आणि समोरचे चेहरे उजळलेले दिसतात. उत्तरेच्या टोकाला बसणाऱ्याला दिवसभर उजेडाविरुद्ध झगडावे लागते. त्याच्या लेन्सला हूड नसेल तर चित्रावर धुकट पडदा येतो. दुपारनंतर पश्चिमेकडे सरकलेले चांगले.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात नाशिकला सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा साडेबाराच्या सुमारास टोपीच्या आणि हेल्मेटच्या सावलीत चेहरा काळा पडतो. जगातली कोणतीही लेन्स तो उजळू शकत नाही. उन्हाळी शिबिरांचे सामने सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर टिपावेत.

जागा खेळाडूप्रमाणेही बदलते. सिन्नरच्या लेगस्पिनर माया सोनवणे मे २०२२ मध्ये पुण्यात महिला टी-ट्वेंटी चॅलेंज स्पर्धेत व्हेलॉसिटी संघाकडून खेळल्या, तेव्हा त्यांच्या शैलीची देशभर चर्चा झाली. चेंडू सोडताना त्यांचे डोके खाली झुकते. अशा गोलंदाजाला सरळ समोरून टिपले, तर नेमक्या क्षणी टोपीच दिसते. बाजूच्या कोनातून मात्र पाठीचा बाक, झुकलेले डोके आणि सुटणारा हात अशी सारी आकृती एका चौकटीत येते. त्यासाठी लेन्सही किंचित कमी पल्ल्याची धरावी लागते, कारण शरीराची पूर्ण रेषा हवी असते.

साइटस्क्रीनच्या आसपास हालचाल करू नये आणि फ्लॅश कधीही वापरू नये. फलंदाजाची नजर विचलित करून मिळवलेले छायाचित्र खेळाचा सन्मान राखत नाही.

ऊन, धूळ आणि पाऊस

एप्रिल-मेमध्ये तापलेल्या जमिनीवरून हवा लहरत असते. ६०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये ती लहर इतकी मोठी होते की अचूक फोकस करूनही चेहरा पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. यावर महाग लेन्स हा उपाय नाही. सकाळी लवकर काम करणे आणि खेळाच्या जवळ जाणे, हेच दोन मार्ग. काही कंपन्या मोठ्या टेलिफोटो लेन्सना पांढरा रंग देतात, तोही त्या उन्हात कमी तापाव्यात म्हणूनच.

धुळीच्या मैदानावर लेन्स बदलू नये, कारण सेन्सरवर बसलेला कण पुढच्या प्रत्येक चित्रात ठिपका होऊन दिसतो. काच पुसण्याआधी ब्लोअरने धूळ उडवावी, नाहीतर कणांनी लेपावर चरे पडतात. पावसाळ्यात लेन्सचा मोठा शत्रू बुरशी. जून ते सप्टेंबर कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सच्या आत तिचे जाळे पसरते. ओलसर बॅगेत लेन्स ठेवू नये. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून किंवा आर्द्रता ४० ते ५० टक्के राखणाऱ्या ड्राय कॅबिनेटमध्ये ती ठेवावी.

खरेदीचा क्रम

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी नेहमीच्या मैदानावर जाऊन बसायची जागा ठरवावी आणि पावलांनी अंतर मोजावे. त्यावरून फोकल लेंग्थ काढावी. मग सामने कोणत्या वेळी होतात ते पाहावे. दिवसा होत असतील तर एफ/५.६ ते ६.३ ची झूम पुरे, संध्याकाळी होत असतील तर एफ/२.८ किंवा एफ/४ चा विचार करावा. त्यानंतर कॅमेऱ्याचा माउंट पाहावा. कॅनन आणि निकॉनच्या जुन्या डीएसएलआर लेन्स अॅडॅप्टर लावून त्यांच्या मिररलेस कॅमेऱ्यांवर चालतात. मात्र निकॉनच्या ज्या जुन्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही, त्या निकॉनच्या अॅडॅप्टरवर आपोआप फोकस करत नाहीत.

डीएसएलआर सोडून मिररलेसकडे जाणाऱ्यांमुळे जुन्या बाजारात चांगल्या टेलिफोटो लेन्स येत असतात. अशी लेन्स घेताना आत टॉर्च मारून बुरशी आणि चरे पाहावेत, झूमची कडी घट्ट-सैल आहे का ते फिरवून बघावे, आणि फोकसची परीक्षा दुकानात न घेता रस्त्यावरच्या धावत्या दुचाकीवर घ्यावी. एखाद्याच मोठ्या सामन्यासाठी महाग लेन्स हवी असेल, तर ती भाड्याने घेणे शहाणपणाचे. लग्नसराईच्या दिवसांत भाड्याच्या लेन्सना मागणी असते, तेव्हा आधी नोंद करावी आणि सामन्याच्या आदल्या दिवशीच ती आपल्या कॅमेऱ्यावर चालवून पाहावी.